‘दीन’ लिहिलंत, तरी देवनागरीतच लिहा

ताई,

मी पिंपरीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वय २९. शिकलो इंग्रजी माध्यमात, घरात मात्र मराठीच. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. साताऱ्यातल्या आजीपासून न्यू जर्सीतल्या आत्यापर्यंत सगळे त्यावर आहेत. मी तिथे कायम रोमन अक्षरांत मराठी लिहायचो. यंदा २७ फेब्रुवारीला मुद्दाम देवनागरीत चार ओळी लिहिल्या आणि पहिलीच ओळ ‘मराठी भाषा गौरव दीनाच्या शुभेच्छा’ अशी गेली. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी स्क्रीनशॉट काढला, त्या शब्दाभोवती लाल गोल केला आणि ‘भाषा खरंच दीन झाली’ असं लिहून ग्रुपवर टाकला. चुलत भावंडांनी हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. तेव्हापासून मी ग्रुपवर काहीच लिहिलेलं नाही. आजी फोनवर विचारते, ‘हल्ली तुझं काही येत नाही रे.’

काकांचं आणखी एक म्हणणं आहे. आम्ही आयटीवाले ‘बिल्ड फुटला’ (कोड जुळून ॲप तयारच झालं नाही), ‘प्रॉडवर गंडलं’ (लोक वापरतात त्या चालू ॲपमध्ये बिघडलं) असं जे बोलतो ती मराठीच नव्हे म्हणतात. बायको म्हणते, रोमनमध्ये लिहिलं म्हणून कुणाचं काय अडतं? मी काय करू? आता या वयात देवनागरी टाइप करायला शिकायचं का?

– एक टेस्टर, पिंपरी

नमस्कार,

आधी उत्तरं देते, कारणं मागून. शिकायचं का? होय, शिका. एकोणतीस हे काही ‘या वयात’ म्हणण्याचं वय नाही. ग्रुपवर देवनागरीतच लिहा आणि चुका होणार हे धरूनच लिहा. काकांशी बोला, पण फोनवर, ग्रुपवर नको. ‘बिल्ड फुटला’ खुशाल म्हणा.

तुमच्या चुकीपासून सुरुवात करते, कारण ती मला फार लोभस वाटली. जरा हे शब्द मोठ्याने म्हणून बघा: मीठ, तीळ, वीट, गरीब, वकील, फूल, सून. सगळे अकारान्त, आणि सगळ्यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ. मराठीचा हा साधा नियम आहे आणि तो तुम्हाला कुणी शिकवायची गरजही पडली नसेल, कारण घरात मराठी ऐकत वाढलेल्या माणसाचा कान तो आपोआप धरतो. ‘दिन’ या नियमातून सुटतो, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. गुण, विष, मंदिर, कुसुम, मधुर हे सगळे त्याचेच भाऊबंद. त्यांचा ऱ्हस्व आपण तसाच ठेवला. म्हणजे तुम्ही मराठीचा नियम पाळलात आणि अपवादाला अडखळलात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाच्या कानात मराठीची चाल इतकी मुरलेली आहे, हे काकांना खरं तर सुखावणारं वाटायला हवं. पंचाईत एवढीच की ‘दीन’ हाही संस्कृतातलाच शब्द, आणि त्याचा अर्थ नेमका त्या दिवशी नको तो निघाला.

आपण ज्यांना शुद्धलेखनाचे नियम म्हणतो ते तसे अलीकडचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम ठरवले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले. एकूण अठरा. चहा गार व्हायच्या आत वाचून होतात आणि तुमच्यासारख्याला ते आवडतीलही, कारण त्यांची बांधणी तुमच्या कामातल्या अटींसारखीच आहे: शब्द असा असेल तर असं, नाही तर तसं, आणि पुढे अपवाद. ‘वकील’ दीर्घ, पण ‘वकिलाला’ म्हटलं की ऱ्हस्व. ‘फूल’ आणि ‘फुलाला’ तसंच. हा एक नियम नीट कळला की निम्म्या लाल गोलांची जागाच उरत नाही.

आणि या नियमांच्या आधी? आपल्याकडे रोजचा कारभार शतकानुशतकं मोडी लिपीत चालला. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भरून मोडीतले कागद आहेत. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळतच नसत. कारकुनाला हात न उचलता भरभर लिहायचं असे, आणि वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखत असे. त्या लिखाणावर मुलूख चालले, वसूल गोळा झाले, तह झाले. नियम नकोत असं मी म्हणत नाही. पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात, कोर्टाच्या कागदात ते हवेतच, कारण तिथे लिहिणारा वाचणाऱ्याला ओळखत नसतो. तुमच्या ग्रुपवर मात्र वाचणारी आजी आहे, तिने तुम्हाला मांडीवर खेळवलंय. ‘गौरव दीनाच्या’ वाचून तिला क्षणभरही शंका आली नसणार. ही मोडीची गोष्ट काकांना जरूर सांगा. शिक्षक माणूस आहे, त्यांना याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याचीही शक्यता आहे, आणि तसं असेल तर गप्पा फारच रंगतील.

आता काका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते त्यांचं सुधारणं नव्हे, सुधारण्याची जागा. शब्द चुकला होता, तो सांगणं बरोबरच होतं. पण पंचवीस-तीस नातेवाइकांसमोर लाल गोल आणि वर टोमणा, यातून शब्द सुधारतो आणि माणूस गप्प होतो. तुमच्याच धंद्यात बघा. तुम्ही एखाद्या सहकाऱ्याच्या कामात बग शोधता तेव्हा काय करता? कुठल्या पडद्यावर, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं नेमकं लिहून त्या माणसाकडे पाठवता. सगळ्या कंपनीला पाठवून खाली हसरे चेहरे लावत नाही. म्हणूनच तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कोड लिहायला बसतो.

काकांना हे बोलून दाखवा, पण तक्रार म्हणून नको. निवृत्त शिक्षकाच्या घरी एक वेळ अशी येते की वह्या तपासायला येणं बंद होतं. त्यांना काम द्या. असं काहीसं म्हणा: ‘काका, त्या दिवशी माझा दिन चुकला, तुम्ही सांगितलंत ते बरंच झालं. पण सगळ्यांसमोर झाल्यामुळे मला पुन्हा लिहायची लाज वाटायला लागली. यापुढे काही मोठं लिहिलं की आधी तुम्हाला एकट्याला पाठवीन. तुम्ही बघा, मग ग्रुपवर टाकतो. चालेल ना?’ माझी खात्री आहे, ते नाही म्हणणार नाहीत. कदाचित दर वेळी दोन शब्दांच्या जागी दोन परिच्छेद सुचवतील, तेवढं सोसा. आणि समजा त्यांनी पुन्हा ग्रुपवरच गोल केला, तर ‘धन्यवाद काका, दुरुस्त करतो’ एवढंच लिहा आणि खरोखरच करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच; भावंडांनाही कळू द्या. त्यांच्या हसण्याचं फार मनावर घेऊ नका. त्यातल्या निम्म्यांनी त्या ग्रुपवर कधी देवनागरीचं एक अक्षर लिहिलेलं नसेल.

बायकोचा प्रश्न मात्र वजनदार आहे आणि त्याला थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नाही. रोमन मराठीचा मला राग नाही. ती आळसातून आली नाही, अडचणीतून आली. साध्या मोबाइलवरच्या एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावत. इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसत. देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०. म्हणजे तेच वाक्य देवनागरीत लिहिलं तर एकाऐवजी दोन-तीन एसएमएसचे पैसे, आणि पलीकडच्या फोनला देवनागरी येत नसेल तर नुसते चौकोन. अशा वेळी माणसं रोमनमध्ये लिहिणार नाहीत तर काय करतील? संगणकावरही बराच काळ हाल होते. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या लेखी तिथे दुसरंच चिन्ह साठवलेलं असे. फाइल दुसरीकडे पाठवली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेच्या जागी चिन्हांचा खच. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना यंत्रासाठी ठरवून दिलेले संकेत. त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण ती घरोघरच्या यंत्रांवर आणि फोनांवर नीट उमटायला पुढे खूप वर्षं गेली. मधल्या काळात बरहा, गमभन असली साधनं घेऊन लोकांनी हट्टाने मराठी टाइप केलं. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला, तो याच खटपटीच्या दिवसांत. मला त्या माणसांबद्दल फार कृतज्ञता वाटते. आज आपण फोन उघडतो आणि मराठी दिसते, त्यामागे त्यांचा न थकणारा हट्ट आहे.

ती अडचण आता उरलेली नाही. उरली आहे ती सवय. आणि सवयीने कुणाचं काय अडतं, तर आजीचं अडतं. काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द रोमनमध्ये घाईघाईत सारखेच दिसतात. ट आणि त, ण आणि न, ळ आणि ल यांत फरकच राहत नाही. तुम्ही-आम्ही अंदाजाने वाचतो, कारण इंग्रजी अक्षरं आपल्या डोळ्यांखालून रोज जातात. जिने मराठी शाळेत बाराखडी गिरवली आणि पुढे रोज पोथी-पेपर देवनागरीत वाचले, तिला ‘मी काल पडलो’ हे वाक्य रोमनमध्ये फोडून वाचावं लागतं, आणि तोवर ती घाबरून जाते. शिवाय तिची दृष्टी अधू झाली असेल तर फोनला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगता येतं. देवनागरीतलं मराठी तो समजेल असं वाचतो. रोमनमधलं मराठी इंग्रजी समजून वाचतो, ते ऐकवत नाही. आजीच्या फोनवर ही सोय चालू करून द्या. तुमचे चार शब्द तिला कुणाच्या मदतीशिवाय ऐकू येतील.

शोधण्याचंही तसंच. ‘आहे’ हा साधा शब्द रोमनमध्ये माणसागणिक वेगळ्या स्पेलिंगने लिहिला जातो. आत्याने तीन वर्षांपूर्वी ग्रुपवर टाकलेली पुरणपोळीची कृती शोधायची तर काय टाकून शोधणार? देवनागरीत लिहिलेली असती तर ‘पुरण’ म्हटल्यावर समोर आली असती. आपल्या घरातल्या आठवणी, कृती, गावाकडचे पत्ते, कोण कुणाचं कोण लागतं हे सगळं आता अशा ग्रुपांतच साठतंय. ते परत सापडेल असं लिहून ठेवणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ऑफिसमधल्या मित्रांशी धावपळीत रोमनमध्ये दोन शब्द टाकलेत तर टाका. ते उद्या कुणी शोधणार नाही.

‘बिल्ड फुटला’ याबद्दल मी काकांशी अजिबात सहमत नाही, आणि हे मला जरा मोकळेपणाने सांगायचं आहे. बिल्ड फुटतो, सर्व्हर झोपतो, सिस्टिम लटकते, प्रॉडवर गंडतं. यातली नामं बाहेरची आहेत, पण वाक्य चालवणारी क्रियापदं सगळी आपली, आणि तीही घरगुती. लिंगं तर बघा. तो बग, ती फाइल, ते ॲप. तो पासवर्ड, ती लिंक. कुठल्या समितीने ठरवलं हे? कुणीच नाही. तरी पिंपरीतला टेस्टर आणि नांदेडचा सायबर कॅफेवाला दोघंही ‘ती लिंक’च म्हणतात, आणि अनेक झाल्या की ‘लिंका’. ‘फाइलीत बघ’ म्हणताना आपण सामान्यरूपसुद्धा करतो, आपल्या नकळत. भाषा मेलेली असती तर नव्या शब्दाला लिंग कुठलं लावायचं हे तिला सुचलंच नसतं. आणि परक्या गोष्टीला आपल्या घरातलं नाव देणं हा सगळीकडचाच रिवाज आहे. हार्वर्डच्या मार्क टू या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ ला एक पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो किडा, अडकलेला सापडला, तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातल्या बिघाडाला ते आधीपासूनच बग, म्हणजे किडा, म्हणत होते. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो शब्द त्याच अर्थाने आहे. त्या दिवशी खराच किडा निघाला म्हणून त्यांना इतकी मजा वाटली. अशा नोंदी जपणारी माणसं मला तुमच्याच जातकुळीतली वाटतात, तुम्हालाही वाटत असतील.

एका बाबतीत मात्र काकांकडे झुकते. ‘प्रॉडवर गंडलं म्हणून रात्री कॉलवर होतो’ हे वाक्य तुमच्या टीमला पुरतं, आजीला नाही. तिला वाटतं नातू रात्रभर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. तिथे शब्द बदलण्यापेक्षा गोष्ट सांगा. ‘आजी, लोक ज्या ॲपवरून पैसे भरतात ते रात्री बंद पडलं. आम्ही सगळे मिळून पहाटेपर्यंत ते चालू करत होतो.’ किंवा तुमच्या कामाबद्दल: ‘ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी मी ते मुद्दाम मोडून बघतो. कुठे मोडतं ते सांगणं हीच माझी नोकरी.’ हे तिला कळेल आणि कौतुकही वाटेल, पातेलं घ्यायच्या आधी वाजवून बघणारी पिढी आहे ती. काकांनी आजवर तुमच्या कामाबद्दल विचारलं नसेल, तर त्यामागे ही भाषाही असू शकते. ग्रुपवर देवनागरीत काय लिहू असा प्रश्न पडला तर हेच लिहा, आठवड्यातून एकदा, चार ओळी, ऑफिसात काय मोडलं ते.

आता टाइप करण्याचं. तुम्ही बहुधा रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवणारा कळफलक वापरला असणार. त्यात उच्चार तुम्ही देता आणि ऱ्हस्व की दीर्घ याचा अंदाज यंत्र बांधतं. दोन-तीन पर्याय दाखवतं, आणि घाईत पहिला दिसेल तो दाबला जातो. तुमच्या ‘दीना’चा उगम तिथेच असावा असा माझा तर्क आहे. हा कळफलक सोपा आहे, सुरुवातीला वापरा, पण प्रत्येक शब्दाचे पर्याय थांबून बघायची सवय लावा. बोलून टाइप करायची सोयही मराठीत आहे. आजीला ती शिकवाच, तिचे निरोप तिच्याच बोलीत येतील.

पण तुम्ही दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवणारे आहात. तुम्हाला मी इनस्क्रिप्ट सुचवीन, अगदी आग्रहाने. हा भारतीय लिप्यांसाठीचा सरकारी प्रमाण कळफलक, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे असतो. रचना अशी देखणी की बघत राहावं: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘के’वर क, ‘आय’वर ग. एका कळीवर अल्पप्राण आणि शिफ्ट धरला की त्याचाच महाप्राण, क वर ख आणि ग वर घ. ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी, बरोबर तिच्या वरच्या ‘आर’वर दीर्घ. ‘जी’वर ऱ्हस्व उकार, त्याच्या वरच्या ‘टी’वर दीर्घ. म्हणजे ‘दि’ आणि ‘दी’ लिहिताना बोट वेगवेगळ्या ठिकाणी जातं. निर्णय यंत्राचा राहत नाही, तुमचा होतो, आणि महिनाभराने तर बोटालाच शुद्धलेखन यायला लागतं. मराठीची खास अक्षरंही इथे सहज सापडतात. र च्या कळीवर शिफ्ट धरलं की ऱ, ल च्या कळीवर शिफ्ट धरलं की ळ. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक लिहिता आला की कोकण आणि सह्याद्री दोन्ही नीट लिहिता येतात.

वेलांटीची आणखी एक गंमत तुम्हाला आवडेल. ‘दि’ लिहिताना पाटीवर आपण वेलांटी आधी काढतो की मागून यावर घराघरांत मतं असतील, पण यंत्र आधी ‘द’ साठवतं आणि मग वेलांटी, म्हणजे जसं बोलतो त्या क्रमाने. पडद्यावर ती उचलून आधी दाखवायचं काम फॉन्ट आणि त्याची जुळणी करणारी आज्ञावली करते. ‘ॲ’ची कथा तर तुमच्या कामाचीच आहे. अ वर चंद्र हे मराठीचं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी कुणी ए वर चंद्र असलेला ‘ऍ’ वापरला, कुणी अ लिहून त्यावर चंद्राची मात्रा चिकटवली. आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. डोळ्याला जवळपास सारखेच, पण यंत्राला तीन वेगळे शब्द. ‘ॲप’ शोधलं तर बाकीचे दोन सापडतीलच असं नाही.

इथे मला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. आपल्याला ते एक अक्षर. यंत्राकडे ते सहा संकेतांचं बनतं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. हे संकेत साठवण्याची नेहमीची पद्धत यूटीएफ-८, तीत त्याला १८ बाइट लागतात. जोडाक्षर हे एकच अक्षर धरून मोजावं हा नियमसुद्धा देवनागरीसाठी युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमाने ‘स्त्री’ची तीन अक्षरं होत. तेव्हा तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये जिथे नाव, पत्ता, शेरा भरायचा रकाना असेल तिथे मराठी टाकून बघा. वीस अक्षरांची मर्यादा असेल तर मराठी नाव मध्येच तुटतं का? मागे खोडायची कळ एकदा दाबल्यावर पूर्ण जोडाक्षर जातं की नुसती वेलांटी? ‘दऱ्या’तला र नीट उमटतो का? ॲ तिन्ही प्रकारे लिहून शोध लागतो का? पावतीवर छापताना वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसते का? जिथे मोडेल तिथे रीतसर नोंद करा, आणि कुणी ‘मराठी कोण टाकणार’ असं म्हणालं तर आपल्या काकांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि साताऱ्याचा पत्ता देवनागरीत टाइप करून त्याच्यासमोर धरा.